हाकेच्या अंतराचा वळसा

शहरातून जाणाऱ्या एखाद्या सहापदरी महामार्गाच्या कडेला अर्धा तास नुसतं उभं राहून बघावं. दुभाजकावर लोखंडी कठडा असतो आणि त्या कठड्याचा एखादा गज कुणीतरी वाकवलेला असतो. फट इतकीच, की एक माणूस अंग चोरून जेमतेम निघेल. फटीच्या दोन्ही बाजूंना एकेक दगड आणून ठेवलेला असतो, पाय द्यायला. हा दगड कुठल्याही आराखड्यात नसतो, त्याचं टेंडर निघालेलं नसतं. पण त्याचा वरचा भाग पावलांनी गुळगुळीत झालेला दिसतो.

त्यावर पाय देऊन पलीकडे उतरणाऱ्यांना आपण सरसकट बेशिस्त म्हणतो. मला ती माणसं हिशेबी वाटतात. वेळ, दम आणि धोका यांची मनातल्या मनात बेरीज करून ती निर्णय घेतात, आणि महामार्ग आखणाऱ्यांनी अनेकदा नेमकी हीच बेरीज केलेली नसते. ती आपण इथे करून बघू.

वळशाचं गणित

समजा, महामार्ग ओलांडायची सोय दर एक किलोमीटरला आहे. मग तो पूल असो, सिग्नल असो की भुयारी मार्ग. तुमचं घर अशा दोन ठिकाणांच्या बरोबर मधोमध आहे आणि दवाखाना अगदी समोर, पलीकडच्या काठाला. सरळ अंतर चाळीस मीटर. पण जायचं तर पाचशे मीटर पुढे चालायचं, रस्ता ओलांडायचा आणि पाचशे मीटर मागे यायचं. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणाऱ्याला यात १२ मिनिटं जादा लागतात, जाऊन-येऊन २४.

सगळीच घरं काही मधोमध नसतात. कुणाच्या दारातच क्रॉसिंग असतं, कुणाचं लांब. हिशेब केला तर एक सोपा नियम हाती लागतो: समोरासमोरच्या जागांसाठी जास्तीत जास्त वळसा दोन क्रॉसिंगमधल्या अंतराएवढा असतो आणि सरासरी वळसा त्याच्या निम्मा. क्रॉसिंग किलोमीटरभर लांब असतील तर सरासरी ५०० मीटरची जादा पायपीट. तीच ३०० मीटरवर आणली तर सरासरी दीडशे मीटर, म्हणजे दोन मिनिटांच्या आत. दोन मिनिटांसाठी कुणी कठड्याच्या फटीतून अंग घुसवत नाही. बारा मिनिटांसाठी घुसवतं.

आता हाच एक किलोमीटर गाडीतून बघा. ताशी ५० च्या वेगाने तो ७२ सेकंदांत संपतो. आराखडा करणारा आणि तो मंजूर करणारा, दोघेही जागेची पाहणी बहुतेकदा गाडीतूनच करतात, त्यामुळे ‘पुढे आहे की क्रॉसिंग’ हे वाक्य त्यांच्या तोंडी अगदी सहज येतं.

मराठीत आपण ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतो. महामार्गाच्या दोन काठांना हा शब्दप्रयोग लागू पडत नाही, कारण वाहनांच्या आवाजात हाक पोचतच नाही. ही नुसती शब्दांची गंमत नाही. १९६९ मध्ये नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. रस्ते दिसायला सारखे, फरक फक्त रहदारीचा: एकावर दिवसाला सुमारे २,००० वाहनं, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र आणि सहाहून अधिक ओळखीपाळखीची माणसं निघाली. सर्वांत वाहत्या रस्त्यावर एकही मित्र धड नाही, सरासरी ०.९, आणि ओळखीचे तीन. हे तर साधे वस्तीतले रस्ते होते. महामार्ग रोज लाखभर वाहनं वाहून नेत असेल तर दोन्ही काठांची गावं वेगळी होतात, मग नकाशात त्यांचा वॉर्ड एकच असला तरी.

बसथांब्याचा न लिहिलेला नियम

क्रॉसिंग कुठे हवं, हा प्रश्न निघाला की ‘इथे मागणी किती आहे ते मोजू’ असं म्हणतात. मोजायच्या आधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. बसने जाणारा माणूस सकाळी एका बाजूच्या थांब्यावर चढतो आणि संध्याकाळी परतताना समोरच्या बाजूला उतरतो. म्हणजे घर कुठल्याही काठाला असो, दिवसातून एकदा त्याला महामार्ग ओलांडावाच लागतो. हे टळत नाही. म्हणून महामार्गावर बसथांब्यांची जोडी उभी केली की त्याच क्षणी तिथे क्रॉसिंगची गरजही उभी राहते. ती आकडेवारी येईपर्यंत थांबत नाही.

तरी थांबे एकीकडे आणि क्रॉसिंग चारशे मीटर पुढे, असं दृश्य जगभर दिसतं. कारण साधं आहे. थांबे एक यंत्रणा ठरवते, रस्ता दुसरी बांधते आणि सिग्नल तिसरी चालवते. संध्याकाळच्या अंधारात बसमधून उतरलेली बाई या तिन्ही यंत्रणांमधल्या फटीत उभी असते. थांबा शंभर मीटर पुढे-मागे सरकवणं ही शहरातली सगळ्यात स्वस्त सुधारणांपैकी एक आहे, आणि तीच सगळ्यात कमी वेळा होते.

पूल रिकामे का राहतात

महामार्ग ओलांडायचा म्हटला की पहिल्यांदा सुचतो तो पादचारी पूल. माणसं वर, वाहनं खाली, कुणाची कुणाला अडचण नाही. कागदावर सुरेख दिसतं. पण पुलाखालून उंच ट्रक आणि कंटेनर जायचे असतात, म्हणून साधारण पाच-साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावी लागते. त्यात पुलाची स्वतःची जाडी मिळवा, की चालायची पातळी सहा मीटरवर जाते. पंधरा सेंटीमीटरची एक पायरी धरली तर चढायला चाळीस आणि उतरायला चाळीस. रस्ता ओलांडायला दुमजली इमारत चढून उतरायची.

जिना नको, उतरण (रॅम्प) करू म्हटलं तर? चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ हा चढ कमाल मानतात, म्हणजे एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी. सहा मीटरला ७२ मीटर, आणि मधले विसाव्याचे सपाट टप्पे वेगळे. पण हा चढ हाताने खुर्ची ढकलणाऱ्याचा घाम काढतो. १:२० चा सुसह्य उतार घेतला तर एका बाजूला १२० मीटर, दोन्ही मिळून २४०. एवढी सरळ जागा नसते म्हणून रॅम्पला नागमोडी घड्या घालतात, आणि प्रत्येक घडीवर सायकलवाल्याला उतरून सायकल फिरवावी लागते. चाळीस मीटरच्या रस्त्यासाठी पुन्हा पाव किलोमीटर! वळसा कमी करायला बांधलेला पूल स्वतःच एक वळसा होऊन बसतो. लिफ्ट हा उपाय आहे खरा, पण लिफ्ट बंद पडते, आणि बंद पडलेल्या लिफ्टपाशी पोचलेल्या खुर्चीवरच्या माणसाला दुसरा पर्याय किलोमीटरभर लांब असतो.

भुयारी मार्गाची गोष्ट वेगळी आहे आणि ती थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. माणसाला आणि सायकलला डोक्यावर अडीच-तीन मीटर पुरतात. म्हणजे पुलाला सहा मीटर चढायचं तर इथे रस्त्याची जाडी धरून साडेतीन-चार मीटर उतरायचं. शिवाय क्रम उलटा: पुलावर आधी चढ, मग उतार, भुयारात आधी उतार, मग चढ. सायकलस्वाराला हा फरक मांड्यांना कळतो. उतारावर मिळालेला वेग पुढचा निम्मा चढ फुकटात पार करून देतो.

पण भुयारी मार्ग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? ओल, अंधार, फुटलेला दिवा आणि काटकोनात वळणारा जिना, ज्याच्या पलीकडे कोण उभं आहे ते दिसत नाही. सात वाजल्यानंतर तिथून बायका जात नाहीत, आणि ज्या रस्त्याने बायका जात नाहीत तो रस्ता अर्ध्या गावाला बंदच असतो. चांगल्या भुयाराची खूण एकच: आत शिरण्याआधी पलीकडचं तोंड दिसलं पाहिजे. त्यासाठी ते सरळ हवं, लांबीच्या मानाने रुंद हवं, भिंती तोंडाशी बाहेर कललेल्या हव्यात, आणि वर दुभाजक आहे तिथे छताला भोक ठेवून मधोमध उजेड पाडावा. पाणी उपसायचा पंप आणि तो चालू ठेवणारा माणूस, हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा.

नेदरलँड्समध्ये यावर एक तोड आहे. सायकलमार्ग पूर्ण खोल खणायचा नाही. तो निम्मा खाली घ्यायचा आणि महामार्ग निम्मा वर उचलायचा. इंजिनाला दोन मीटरचा चढ जाणवतही नाही, पायांना जाणवतो. चढ कुणी चढायचा, तर ज्याच्यापाशी इंजिन आहे त्याने, असा सरळ न्याय. आइंडहोव्हनजवळ २०१२ मध्ये खुला झालेला होव्हनरिंग हा या विचाराचा देखणा नमुना आहे. मोटारींच्या चौकावर ७२ मीटर व्यासाचं एक वर्तुळ, मधल्या एकाच ७० मीटर उंच खांबाला २४ तारांनी टांगलेलं, फक्त सायकली आणि पादचाऱ्यांसाठी. तिथेही वर चढायचा उतार सौम्य राहावा म्हणून खालचा चौकच सुमारे दीड मीटर खोल नेला. (सुरुवातीला तारा वाऱ्यात थरथरू लागल्या आणि तो काही महिने बंद ठेवून दुरुस्त करावा लागला. देखण्या गोष्टींचं असं असतं.)

डच लोक जन्मतःच सायकलवेडे आणि शहाणे, असं मात्र समजू नये. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात ३,००० हून अधिक माणसं रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. आज दिसतं ते सगळं त्यानंतरचं आहे.

घोडं पेंड खातं ते रॅम्पच्या तोंडाशी

शहरात बऱ्याच ठिकाणी महामार्ग उंचावरून किंवा खोलातून जातो आणि शहरातला रस्ता त्याला खालून किंवा वरून छेदतो. म्हणजे ओलांडायची सोय आयतीच आहे. फुटपाथ आहे, झेब्रा पट्टे आहेत. तरी तिथून चालताना जीव मुठीत धरावा लागतो. याचं कारण महामार्गावर नसतं. महामार्गावर चढणाऱ्या आणि त्यावरून उतरणाऱ्या रॅम्पच्या तोंडाशी असतं.

उतरणारा चालक घ्या. तो अर्धा तास ताशी शंभरच्या वेगात होता. डोळे आणि कान त्या वेगाला सरावलेले असतात. अचानक साठवर आला तरी त्याला आपण रेंगाळतोय असं वाटतं. चढणारा चालक वेगळ्या कारणाने धोक्याचा. त्याचं पाऊल अ‍ॅक्सिलरेटरवर आणि मान मागून येणाऱ्या वाहनांकडे वळलेली. झेब्रा पट्ट्यावर उभा असलेला माणूस नेमका दुसऱ्या बाजूला असतो.

आता वेगाचा हिशेब जरा जवळून बघू, कारण तो बहुतेकांना चुकीचा वाटतो. चालकाला समोर मूल दिसलं. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरा. ताशी ३० च्या वेगात तेवढ्यात गाडी ८ मीटर जाते, मग ब्रेक लागून आणखी ५ मीटरवर थांबते. एकूण १३. ताशी ५० ची गाडी त्या पहिल्या सेकंदातच १४ मीटर जाते. म्हणजे तीसची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्या ठिकाणी पन्नासच्या गाडीचा ब्रेक अजून लागायचाच असतो. ती तिथून पन्नासच्याच वेगाने जाते. ‘वीसनेच तर जास्त होतो’ या वाक्याचा अर्थ एवढा होतो.

पुढे धडकेचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार मोटारीच्या पुढच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याचा मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ वर जाताना साडेचार पट होतो. वेग दीडपटही झालेला नसतो.

मग वेग कमी कसा करायचा? पाटी लावून होत नाही. वळणाचा आकार बदलून होतो. रॅम्पचं वळण ३० मीटर त्रिज्येचं असेल तर चालक ते ताशी पस्तीसच्या आसपास अगदी आरामात घेतो. तेच ८ मीटरचं केलं तर विसाच्या खाली यावं लागतं, नाहीतर गाडीतली माणसं एकमेकांवर कलंडतात. चालकाला कुणी उपदेश केलेला नसतो. त्याच्या पोटातल्या पाण्यानेच त्याला सांगितलेलं असतं. म्हणून रॅम्प शहराच्या रस्त्याला तिरका, वाहता जोडण्याऐवजी शक्य तितका काटकोनात जोडावा. झेब्रा पट्टे वळणाच्या अशा ठिकाणी ओढावेत, जिथे चढणाऱ्याने वेग घ्यायला अजून सुरुवात केलेली नाही आणि उतरणाऱ्याचा वेग आधीच पडलेला आहे. आणि ते फुटपाथच्या उंचीला उचलून घ्यावेत, म्हणजे पादचारी रस्त्यात उतरत नाही. गाडी फुटपाथवर चढते, आणि चढताना तिला ते कळतं.

यातलाच एक गुन्हेगार म्हणजे सिग्नलला न थांबता वळू देणारी, तिकोनी बेटामागून जाणारी मोकळी मार्गिका. जिथे वाहनं डावीकडून चालतात तिथे तिला ‘फ्री लेफ्ट’ म्हणतात. फुकट कुणासाठी, हे बघायला हवं. तिथे पादचाऱ्याला हिरवा दिवा कधीच नसतो. फट सापडेल तेव्हा पळायचं. माझं मत स्पष्ट आहे: शहराच्या हद्दीत ही मार्गिका बंद करावी, आणि बेट फुटपाथला जोडून टाकावं. त्याला लागतात काही कर्बचे, म्हणजे फुटपाथच्या कडेचे, दगड आणि थोडी माती.

सायकलस्वाराचं दुखणं इथे आणखी वेगळं. तो नाकासमोर चाललेला असतो. त्याच्या एका बाजूने रॅम्पकडे जाणारी वाहनं त्याची वाट कापत निघतात, तीही लांबलचक तिरक्या रेषेत, म्हणजे पाच-सहा सेकंद तो दोन्ही बाजूंनी वाहनांच्या मध्ये. अशा ठिकाणी पांढऱ्या तुटक रेषा मारून ‘सायकल मार्गिका’ लिहिणं म्हणजे माणसाला पुराच्या पाण्यात उभं करून हातात पाटी देण्यासारखं आहे. त्याची वाट रॅम्पसोबत थोडी आत वळवावी, अरुंद ठिकाणी काटकोनात पार करावी आणि पुन्हा मूळ रेषेत आणावी. दहा-पंधरा सेकंद जातात, पण ओलांडायचं अंतर एका मार्गिकेएवढं उरतं.

हिरवा दिवा कुणाच्या पावलाने

सहा मार्गिका साडेतीन मीटरच्या, म्हणजे २१ मीटर, दुभाजक ३. एकूण २४ मीटर. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर हा आकडा सिग्नलच्या गणितात वर्षानुवर्षं वापरला गेला. त्यानुसार २० सेकंद पुरेसे. पण काठी टेकत जाणारे आजोबा सेकंदाला ०.८ मीटर चालतात असं धरा. विसाव्या सेकंदाला ते सोळाव्या मीटरवर असतात, पुढे दोन मार्गिका आणि वर एक मीटर बाकी, आणि समोर इंजिनं गुरगुरायला लागलेली. त्यांना हवे होते ३० सेकंद. दहा सेकंदांसाठी आपण त्यांना पळायला लावतो.

दोन उपाय आहेत. एक, वेळ वाढवणं. दुसरा, दुभाजकावर थांबायला खरीखुरी जागा देऊन ओलांडणं दोन टप्प्यांत विभागणं. ‘खरीखुरी’ याचा अर्थ मोजून सांगतो: सायकलची लांबी साधारण पावणेदोन-दोन मीटर. दुभाजकातली मोकळी जागा दोन मीटरच असेल तर सायकलचं पुढचं किंवा मागचं चाक वाहनांच्या वाटेला टेकतं. मागे लहान मुलाची गाडी जोडलेली असेल तर विचारूच नका. म्हणून तीन मीटर. मात्र दोन टप्प्यांत एक खोच आहे. दोन्ही दिवे एकमेकांशी जुळलेले नसतील तर माणूस आधी काठावर मिनिटभर उभा राहतो आणि मग मधोमध, दोन्हीकडून धूर खात, आणखी मिनिटभर. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबावं लागलं की माणसं फट शोधायला लागतात, हे वाहतूक अभियंत्यांना चांगलं माहीत आहे.

आणखी एक छोटीशी, जवळजवळ फुकटची युक्ती: पादचाऱ्यांचा दिवा वळणाऱ्या गाड्यांच्या तीन ते सात सेकंद आधी हिरवा करायचा. तेवढ्यात माणूस रस्त्यात काही मीटर पुढे गेलेला असतो आणि वळणाऱ्या चालकाला समोरच दिसतो, कोपऱ्यातून अचानक निघत नाही. आणि जिथे चौक नाही, नुसता लांब सरळ रस्ता आहे, तिथे बटण दाबल्यावरच जागा होणारा लाल दिवा बसवतात. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात १९९० च्या दशकात तो तयार झाला आणि तिथून इतरत्र पसरला. कुणी नसेल तेव्हा वाहनं अडत नाहीत. बटण दाबून दोन मिनिटं काहीच झालं नाही, तर मात्र लोक बटणावरचा विश्वास कायमचा गमावतात.

महामार्गाच्या कडेकडेने

ओलांडणं झालं, आता सोबतीने जाणं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या सायकल विभागातले रॉजर गेलर यांनी शहरातल्या लोकांची सायकलच्या बाबतीत चार भागांत ढोबळ विभागणी केली होती: काहीही झालं तरी चालवणारे एक टक्क्याहून कमी, थोडी सोय मिळाली की चालवणारे सातेक टक्के, अजिबात न चालवणारे एक तृतीयांश, आणि उरलेले सुमारे साठ टक्के ‘चालवायचीय, पण भीती वाटते’ असे. महामार्गाशेजारी रंगवलेली पट्टी पहिल्या दोन गटांसाठी असते. साठ टक्क्यांना रंग धीर देत नाही, कारण रंग ट्रकला अडवत नाही. त्यांना मध्ये काहीतरी घट्ट हवं: कर्ब, झाडांची रांग, निदान पार्किंगची ओळ.

दुसरं म्हणजे दिशा. सर्व्हिस रोड एकेरी, महामार्ग ओलांडायला किलोमीटरचा वळसा, आणि शाळा उलट दिशेला दोनशे मीटरवर. मुलगा काय करील? उलट्या दिशेनेच जाईल, आणि पुन्हा बेशिस्त ठरेल. म्हणून ओलांडायला कठीण अशा रुंद रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना दुहेरी, म्हणजे दोन्ही दिशांनी जाता येईल असे, सायकलमार्ग द्यावेत, किमान तीन मीटर रुंद. जिथे मागच्या बाजूला वस्तीतला शांत रस्ता समांतर जातो, तिथे तोच जोडून घेणं अधिक शहाणपणाचं. धूर कमी, सावली जास्त. फक्त तो सलग हवा. तीन किलोमीटरच्या उत्तम मार्गात वीस मीटरचा तुटलेला तुकडा असला की सायकलस्वार त्या वीस मीटरना घाबरून घरीच थांबतो.

बारीकसारीक गोष्टींत तर निम्मी लढाई आहे. गटाराच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेला समांतर असतील तर त्यात सायकलचं चाक अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. तीच जाळी नव्वद अंशांत फिरवून बसवली की प्रश्न संपला. पुलावरच्या सांध्यांची लोखंडी पट्टी पावसात साबणासारखी होते. वाहनं शिरू नयेत म्हणून वाटेवर रोवलेले खांब फार जवळजवळ आले की चाकाची खुर्चीही शिरत नाही.

गाड्यांचं काय?

हा आक्षेप येतोच, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. शहरातला दोन किलोमीटरचा पट्टा ताशी ८० ऐवजी ५० ने कापला तर ९० सेकंदांऐवजी १४४ लागतात. फरक ५४ सेकंदांचा, आणि तोही मध्ये एकदाही सिग्नल लागला नाही तर. शहरात वाहनं किती जातील हे बहुतेक वेळा मधल्या मोकळ्या पट्ट्यावर ठरत नाही, पुढच्या चौकात ठरतं. वेगाने जाऊन रांगेत लवकर उभं राहिलं म्हणून कुणी लवकर पोचत नाही. मालवाहतुकीची अडचण मात्र खरी आहे. लांब ट्रेलरला ८ मीटरच्या त्रिज्येत वळता येत नाही. तिथे कोपऱ्याला थोडा उंच, खडबडीत दगडी पट्टा देतात: ट्रेलरचं मागचं चाक त्यावरून जातं, मोटार त्याला टाळते आणि हळू वळते.

काही शहरांनी याच्या पुढे जाऊन महामार्गच बाजूला केला. सोलमध्ये चोंग्येचॉन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ पासून पाडला आणि २००५ मध्ये खालचा साडेपाच किलोमीटरहून लांब ओढा चालायला खुला केला. युट्रेक्टमध्ये १९७० च्या दशकात कालवा बुजवून मोटाररस्ता केला होता; २०२० मध्ये तिथे पुन्हा पाणी आलं. मास्ट्रिख्टमध्ये ए-टू महामार्ग २०१६ मध्ये दुमजली बोगद्यात गेला आणि वर झाडांची, चालण्या-सायकलची वाट झाली. ही उदाहरणं भुरळ घालतात. पण बोगद्याची वाट बघत वीस वर्षं काढायची आणि तोवर गटाराची जाळीही फिरवायची नाही, असं होऊ नये.

कुठून सुरुवात करायची? पाहणी पायी करावी, एकदा दिवसा आणि एकदा रात्री आठनंतर, सोबत बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची ढकलत, हातात घड्याळ घेऊन. दोन्ही काठांवरच्या शाळा, दवाखाने आणि थांबे नकाशावर मांडून प्रत्येक जोडीपुढे सरळ अंतर आणि प्रत्यक्ष चाललेलं अंतर लिहावं. आज ओलांडणारे किती हे मोजावंच, पण समोर पाचशे मीटरवर शाळा असून किती मुलं गाडीतून येतात, तेही मोजावं. न ओलांडणारे तिथे सापडतात.

आणि त्या नकाशावर सर्वांत आधी ते दगड टिपावेत. एरवी होतं असं: तक्रार येते, कठडा दोन फूट उंच केला जातो, दगड उचलून नेले जातात. महिन्याभराने वीसेक मीटर पुढे दुसरा गज वाकलेला दिसतो, आणि त्याखाली नवा दगड.